रँक खेळण्यासाठी परवडणारा गेमिंग लॅपटॉप: स्टिकरवर न छापलेल्या गोष्टी

दुकानात एकाच टेबलावर दोन लॅपटॉप मांडलेले असतात. दोन्हींवर आरटीएक्स ४०५० या ग्राफिक्स कार्डाचा स्टिकर, दोन्हींत १६ जीबी रॅम, दोन्हींचा पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. किमतीत चार-पाच हजारांचा फरक. घरी आणून व्हॅलोरंट हा गोळीबाराचा खेळ लावला की एक अर्धा तास सलग गुळगुळीत चालतो, तर दुसरा नेमका साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) धूर आणि फ्लॅश एकदम पडले की अडखळतो. हा फरक करणाऱ्या गोष्टी स्टिकरवर छापलेल्या नसतात: ग्राफिक्स कार्डाला किती वॉट मिळतात, रॅम एका पट्टीत आहे की दोन, पडदा रंग किती चटकन बदलतो, गरम हवा कुठून बाहेर पडते. या लेखात त्याच गोष्टी कशा तपासायच्या ते आहे.

रँकच्या, म्हणजे हार-जितीवर दर्जा वर-खाली होणाऱ्या स्पर्धेच्या खेळात सरासरी फ्रेमरेट (सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांचा, फ्रेमचा आकडा) फारसा उपयोगाचा नाही. सरासरी २०० फ्रेम दाखवणारा लॅपटॉप गोळीबाराच्या क्षणी ७० वर घसरत असेल, तर तुमच्या दृष्टीनं तो ७० फ्रेमचाच. म्हणून रिव्ह्यू बघताना ‘एक टक्का लो’ हा आकडा शोधा. सर्वांत मंद एक टक्का फ्रेम किती वेगानं आल्या ते तो सांगतो. तो सरासरीच्या जितका जवळ, तितकी मशीन भरवशाची.

१. आधी खेळ ठरवा

काय खेळणार हे ठरल्याशिवाय बजेट ठरवू नका. खेळांचे ढोबळ तीन गट पडतात.

व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजंड्स, डोटा २ हे हलके खेळ. व्हॅलोरंट १४४ फ्रेमनं चालवायला तो बनवणाऱ्या रायट गेम्सनं सुचवलेलं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे, म्हणजे २०१६ सालचं. आज दुकानात मिळणारं सर्वांत स्वस्त गेमिंग कार्डही त्याच्या पुढे आहे. इथे ओझं प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे भारी कार्ड आणि मरतुकड्या प्रोसेसरचा लॅपटॉप घेतलात तर पैसे वाया.

काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) हा मधल्या गटातला खेळ. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानं जुन्या सीएस:गोची जागा घेतली आणि जुन्या लॅपटॉपवर मजेत खेळणाऱ्या कित्येकांची पंचाईत झाली. त्याला चांगला प्रोसेसर लागतोच, शिवाय धूर आणि पाण्याच्या नव्या चित्रणामुळे कार्डही बऱ्यापैकी हवं. डिस्कवर ८५ जीबी जागा लागते ती वेगळीच.

मार्व्हल रायव्हल्स, वॉरझोन, बॅटलफील्ड ६ हा जड गट. इथे ४ जीबी ग्राफिक्स मेमरीचं कार्ड पहिल्या दिवसापासून कमी पडतं. या गटातलं काही नियमानं खेळायचं असेल तर किमान ६ जीबी, जमल्यास ८ जीबीचं कार्ड धरा.

जाता जाता: लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल, तर तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त वेगवान, जास्त थंड आणि दुरुस्तीला सोपा पडतो. होस्टेल, भाड्याची खोली, कॉलेज आणि घर अशी ये-जा असेल तरच लॅपटॉपची किंमत वसूल होते.

२. बजेटच्या तीन पायऱ्या

हे आकडे २०२५ च्या बाजारातले. त्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव चढत गेले, त्यामुळे आज हीच मशीन काही हजारांनी महाग दिसली तर दचकू नका.

५० ते ६० हजारांत आरटीएक्स २०५० किंवा ३०५० येतं. २०५० हे नाव फसवं आहे. त्यातली चिप ३०५० च्याच कुळातली, पण मेमरीकडे जाणारा रस्ता निम्म्या रुंदीचा. व्हॅलोरंट आणि लीगपुरतं हे ठीक. पाच-सहा हजार वाढवून ३०५० मिळत असेल तर ते घ्या. ३०५० चेही ४ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार आहेत, ते नीट विचारून घ्या.

६५ ते ८० हजारांत ४०५०. बहुतेकांसाठी हीच योग्य जागा. लेनोवो एलओक्यू, आसूस टफ, एचपी व्हिक्टस, एसर नायट्रो या मालिकांत ते सर्रास सापडतं.

त्यापुढे ८ जीबीची कार्डं सुरू होतात: ४०६०, ५०५०, ५०६०. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्यानं इथवर यायची गरज नाही. वाचलेल्या पैशात बरा मॉनिटर येतो.

एक नियम मात्र पाळा. ठरलेल्या रकमेतून सुरुवातीलाच आठ-दहा टक्के बाजूला काढा. माउस, मोठं पॅड, वायरचा हेडफोन, लॅन केबल (नेटची वायर) आणि बहुधा रॅमची दुसरी पट्टी त्यातून येणार आहे. सगळे पैसे लॅपटॉपवर उधळून ट्रॅकपॅडवर निशाणा धरणारे कमी नाहीत.

३. प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

नावाच्या शेवटचं अक्षर आधी बघा. एच, एचएस किंवा एचएक्स असेल तर पुढे वाचा. यू असेल तर तो कमी विजेवर चालणारा, ऑफिसच्या कामाचा प्रोसेसर. ‘गेमिंग’ म्हणून विकला जात असला तरी सोडून द्या.

प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या ७००० आणि ८००० मालिकेत तिसरा अंक खरं वय सांगतो. रायझन ५ ७५३५एचएस मध्ये तिसरा अंक ३, म्हणजे आतली रचना झेन ३ च्या पिढीची. रायझन ५ ७६४०एचएस किंवा ८६४५एचएस मध्ये तो ४, म्हणजे झेन ४. पहिला अंक ७ बघून दोन्ही एकाच वर्षाचे वाटतात, पण प्रत्येक कोअरच्या (प्रोसेसरच्या आत स्वतंत्र काम करणाऱ्या भागाच्या) वेगात चांगलाच फरक आहे आणि व्हॅलोरंटला नेमका तोच वेग लागतो.

स्वस्त लॅपटॉपमध्ये वारंवार दिसणारा रायझन ७ ७४३५एचएस हा वेगळाच प्राणी. आठ कोअर, किंमत कमी, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. त्यामुळे साधं यूट्यूब बघतानाही एनव्हिडियाचं (आरटीएक्स बनवणाऱ्या कंपनीचं) कार्ड चालू राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. खेळताना मात्र त्याचा फायदाच होतो, कारण चित्र थेट कार्डाकडून पडद्यावर जातं. दिवसभर चार्जरजवळ बसणाऱ्यानं खुशाल घ्यावा, वर्गात नोट्स काढायला नेणाऱ्यानं नाही.

इंटेलकडे आय५-१२४५०एच आणि आय५-१३४२०एच हे दोन्ही चार वेगवान आणि चार बारीक कोअरचे. आय५-१३४५०एचएक्स मध्ये सहा वेगवान कोअर आहेत. थोडक्या फरकात मिळत असेल तर तोच उचला. ‘कोअर ५ २१०एच’ असं कोऱ्या करकरीत नावाचं काही दिसलं तर भुलू नका, आतून तो १३ व्या पिढीचाच माल आहे. वाईट नाही, पण नव्याची किंमत देऊ नका.

४. कार्डाचे वॉट: इथेच घोडं पेंड खातं

लॅपटॉपमधलं एकच कार्ड वेगवेगळ्या वॉटवर विकलं जातं. आरटीएक्स ४०५० साठी एनव्हिडियानं लॅपटॉप बनवणाऱ्यांना ३५ पासून ११५ वॉटपर्यंत मोकळीक दिली आहे. पातळ, देखण्या मशीनला कमी वॉट मिळतात, जाडजूड मशीनला जास्त. ४५ वॉटचं ४०५० कित्येकदा पूर्ण ताकदीच्या ३०५० च्या फार पुढे जात नाही. ३०५० चा पल्लाही ३५ ते ८० वॉट असा मोठा आहे.

वेबसाइटवर हे ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावानं असतं. विक्रीच्या पानावर ते हमखास गायब असतं, म्हणून उत्पादकाच्या पानावर नेमका मॉडेल क्रमांक टाकून शोधा. मालिकेच्या नावावर जाऊ नका. एकाच मालिकेत पाच-सहा उपप्रकार असतात आणि शेवटच्या दोन-चार अक्षरांत सगळा खेळ असतो.

दुकानात चालू मशीन समोर असेल तर डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा आणि खाली डाव्या कोपऱ्यातलं ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ दाबा. जी यादी येते तिच्यात कार्डाची कमाल वॉटमर्यादा लिहिलेली असते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. विक्रेता कुरकुरला तरी बघाच.

सोबतच्या चार्जरवरूनही अंदाज येतो. १५० वॉटचा चार्जर असेल तर प्रोसेसर आणि कार्ड दोघांना एकाच वेळी पोटभर मिळणं कठीण. ४०५० साठी १७० ते २३० वॉटचा चार्जर बरा.

५. रॅम: एक पट्टी की दोन

‘१६ जीबी’ ही अर्धीच माहिती. १६ ची एक पट्टी असेल तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकच रस्ता. आठ-आठच्या दोन असतील तर दोन रस्ते. व्हॅलोरंट आणि सीएस२ सारख्या प्रोसेसरवर तोलणाऱ्या खेळांत हा फरक सरासरीपेक्षा अडखळण्यात जास्त जाणवतो. ८ जीबीच्या एकाच पट्टीवर तर आज रँक खेळूच नये: विंडोज, डिस्कॉर्ड (खेळताना बोलायचं ॲप) आणि ब्राउझर मिळूनच ती भरते.

तपासायला टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. ‘२ पैकी १’ असेल तर एक जागा रिकामी आहे, नंतर भरता येईल. रॅम मदरबोर्डवर कायमची डकवलेली असेल आणि स्लॉटच नसेल, तर घेताना जेवढी असेल तेवढ्यातच जन्म काढायचा आहे.

दुसरी पट्टी बसवणं अवघड नाही, फक्त घाई नको. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगळ्या जागी असते. एकात दुसरी बसत नाही, जोर लावला तर स्लॉट तुटतो. आधीच्या पट्टीवर छापलेला वेग, ३२००, ४८०० किंवा ५६००, तोच नव्या पट्टीचा घ्या. वेगळा घेतला तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगानं चालतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली इथे जुनी पट्टी हातात घेऊन गेलात तर तशीच जोडीची मिळते.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. मागचे स्क्रू काढताना ज्या जागेचा स्क्रू त्या क्रमानं कागदावर मांडा, कारण त्यांतले काही लांब असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर वरच्या बाजूनं कीबोर्डला टेंगूळ येतं. झाकण निघालं की आधी बॅटरीची जोडणी सोडवा. पट्टी तिरकी धरून सोनेरी दात दिसेनासे होईपर्यंत आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चापांचा ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिट-दोन मिनिटं काळाच राहू शकतो. मशीन नव्या मेमरीशी जुळवून घेत असते. या वेळी घाबरून पॉवर बटण दाबून धरणं हीच नेहमीची चूक.

झाकण उघडल्यानं वॉरंटीला बाधा येते का हे मात्र आधी विचारा. स्क्रूवर सीलचा स्टिकर असेल तर सेवा केंद्रातूनच बसवून घ्या.

६. पडदा: हर्ट्झ हा अर्धाच आकडा

६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १४४ चा ६.९ मिलिसेकंदांनी. ही उडी डोळ्यांना आणि हाताला स्पष्ट कळते. १४४ वरून १६५ ला गेलात तर ६.९ चे ६.१ होतात, त्यासाठी हजार रुपयेही जास्त देऊ नका.

स्वस्त मशीनमध्ये १४४ हर्ट्झ असतं, पण पडद्याचे ठिपके रंग बदलायला २० ते २५ मिलिसेकंद घेतात. म्हणजे नवं चित्र येतं तेव्हा आधीचं पुसलेलंच नसतं, आणि पळणाऱ्या शत्रूमागे शेपटासारखी सावली ओढली जाते. हे कागदावर ओळखायची खूण म्हणजे ‘४५ टक्के एनटीएससी’ ही नोंद. अशा पडद्याचे रंग फिके असतात आणि तो बहुधा मंदही असतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ आणि ३०० निट्स किंवा जास्त उजेड असेल तर पडदा वरच्या दर्जाचा. दुकानात तपासायचं तर वेगानं सरकणारं पांढरं अक्षर काळ्या पार्श्वभूमीवर बघा. सीएस२ ची दारं आणि बोगदे काळपटच असतात, त्रास तिथेच होतो.

पडदा सुमार असला आणि बाकी मशीन चोख, तर घरी २४ इंची १४४ किंवा १८० हर्ट्झचा मॉनिटर जोडणं हा उत्तम तोडगा आहे. आठ ते अकरा हजारांत मिळतो. त्यात आणखी एक फायदा दडलेला आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चित्र एनव्हिडियाच्या कार्डावरून आधी प्रोसेसरच्या ग्राफिक्सकडे आणि मग पडद्याकडे जातं. हा वळसा फ्रेमरेट जास्त असताना जास्त खातो, म्हणजे नेमका व्हॅलोरंटमध्ये. एचडीएमआयचं भोक मात्र अनेकदा थेट कार्डाला जोडलेलं असतं, त्यामुळे बाहेरच्या मॉनिटरवर तोच लॅपटॉप जास्त फ्रेम देतो. कोणतं भोक कशाला जोडलं आहे ते एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या ‘फिजएक्स’ पानावरच्या चित्रात दिसतं.

हाच वळसा लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यासाठी टाळणाऱ्या सोयीला ‘मक्स स्विच’ म्हणतात. दोन सारख्या मशीनमध्ये एकात तो असेल तर निर्णय तिथेच संपला.

७. विकत घेताना

मोठी सूट वर्षातून साधारण तीनदा मिळते: दसरा-दिवाळीच्या आधी, २६ जानेवारीच्या आसपास, आणि जून-जुलैत कॉलेजं सुरू होताना. जाहिरातीतल्या किमतीत बँक कार्डाची सवलत आणि जुन्या लॅपटॉपची अदलाबदल धरलेली असते. आपल्याकडे ते कार्ड नसेल तर खरी किंमत किती पडते ते काढूनच तुलना करा.

‘डॉस’ असं लिहिलेलं मशीन पाच हजारांनी स्वस्त दिसतं, पण त्यात विंडोज नाही. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, तेव्हा विंडोजचा खर्च आलाच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आहे, म्हणून ११ च धरा.

वॉरंटीत ‘ऑनसाइट’ हा शब्द शोधा. पुण्या-मुंबईत सेवा केंद्र हाकेच्या अंतरावर असतं. गडचिरोली किंवा सावंतवाडीत राहणाऱ्याला मात्र ‘कॅरी-इन’ वॉरंटी म्हणजे दरवेळी एसटीचा प्रवास आणि आठवडाभराचा खोळंबा.

वापरलेलं मशीन घेत असाल तर तीन गोष्टी नक्की करा: अर्धा तास खेळ चालवून तापमान बघा, बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून घ्या, आणि पूर्ण रीसेट करून स्वतःच्या खात्यानं उघडतं का पाहा. कंपनीचं लॉक असलेली मशीनं बाजारात फिरतात.

८. डबा उघडल्यावर, पहिल्या दोन तासांत

खोक्याचं सील फोडण्यापासून व्हिडिओ चालू ठेवा आणि अनुक्रमांकाचा स्टिकर त्यात स्पष्ट येऊ द्या. बदलून मिळण्याची मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते, म्हणून खालची तपासणी लांबवू नका.

अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र लावा. कडेनं उजेड सांडतो का, कुठे अडकलेला ठिपका आहे का ते दिसेल. मग विंडोजचे सगळे अपडेट, एनव्हिडियाचा ताजा ड्रायव्हर आणि उत्पादकाच्या पानावरचा बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम), या क्रमानं घाला. बायोस टाकताना चार्जर लावलेला हवा आणि मध्येच मशीन बंद होता कामा नये.

यानंतर सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’, मग ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’वर जाऊन रिफ्रेश रेट बघा. १४४ चा पडदा ६० वर चालू असणं इतकं सर्रास घडतं की महिनोन्‌महिने तसंच खेळणारे लोक आहेत. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर, बॅटरीवरून चार्जरवर आल्यावर तो परत ६० वर जाऊ शकतो, तेव्हा अधूनमधून नजर ठेवा.

व्हॅलोरंटसाठी आणखी एक पायरी. त्याची चीटविरोधी व्यवस्था, व्हॅनगार्ड, विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा सोयी चालू मागते. नसतील तर ‘व्हॅन ९००१’ असा संदेश येतो आणि खेळ उघडत नाही. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर ‘ऑन’ हवं. नसेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करा. बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं.

९. सेटिंग

लॅपटॉपचा परफॉर्मन्स मोड चालू नसेल तर कार्डाला कबूल केलेले वॉट मिळतच नाहीत. लेनोवोत एफएन आणि क्यू एकत्र दाबल्यावर पॉवर बटणाचा रंग बदलतो: निळा म्हणजे शांत, पांढरा मधला, लाल पूर्ण ताकदीचा. आसूसमध्ये हे काम आर्मरी क्रेट करतं, एचपीत ओमेन गेमिंग हब, एसरमध्ये नायट्रोसेन्स.

खेळात व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधणारी सोय) बंद, एनव्हिडिया रिफ्लेक्स (क्लिक केल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर कमी करणारी सोय) चालू, सावल्या आणि बाकी सजावट कमीत कमी. फ्रेमवर मर्यादा घालायची की नाही यावर वाद घालणारे बरेच. लॅपटॉपपुरतं साधं उत्तर: अर्ध्या तासानंतर फ्रेमरेट १५० ते २६० असा उड्या मारत असेल, तर १६० वर मर्यादा घाला. उष्णता कमी होते आणि हाताला दरवेळी तीच प्रतिक्रिया मिळते. तो मुळातच स्थिर असेल तर मर्यादा काढून टाका.

तापमान कमी करायला ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. तापमान खरंच दहा-पंधरा अंशांनी उतरतं, पण प्रोसेसरचा बूस्टच (गरज पडताच वाढणारा वेग) बंद होतो. जड, कथेच्या खेळांत ते खपून जातं. व्हॅलोरंट प्रोसेसरवरच जगत असल्यानं तिथे फ्रेमरेट धाडकन पडतो.

१०. उष्णता आणि वीज

गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर खेळताना ८५ ते ९५ अंशांपर्यंत जाणं नेहमीचं आहे. त्याच्या वर गेला की तो स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो, आणि तेच तुमचं अडखळणं. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितक्याच अंशांनी आतलं तापमान वर सरकतं. त्यामुळे डिसेंबरात पुण्यात सुरळीत चाललेलं मशीन मे महिन्यात अकोल्यात कोलमडू शकतं. बिघाड झालाय असं समजून सेवा केंद्र गाठण्याआधी पंख्याची जाळी बघा.

मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी तीन-चार अंशांचा फरक पडतो. दोन जाड पुस्तकं पुरतात, फक्त हवेची जाळी झाकू नका. गादीवर, उशीवर ठेवून खेळणं बंद. दर तीन-चार महिन्यांनी धूळ काढा. फुंकणी वापरताना पंख्याची पाती काडीनं अडवून धरा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. दोनेक वर्षांनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घ्या.

चार्जर काढून रँक खेळू नका. बॅटरी एवढी वीज देऊच शकत नाही, फ्रेमरेट निम्म्याच्या खाली जातो. टाइप-सीवरून ६५ वॉटचा चार्जर लावला तरी हीच गत. शिवाय काही मोठ्या चार्जरना जाड, १६ अँपिअरची पिन येते. खोलीत एसी-गीझरचा सॉकेट सोडून तशी जागा नसेल तर योग्य ॲडाप्टर आधीच आणून ठेवा. रोज चार्जर लावूनच बसत असाल तर बॅटरीची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. फुगलेली बॅटरी ट्रॅकपॅड खालून वर उचलते. तसं दिसलं की वापर तिथेच थांबवा.

११. हातात काय, कानात काय

माउस वायरचा, हजार-दीड हजारांचा पुरे. डीपीआय (माउस किती बारीक हालचाल टिपतो तो आकडा) ८०० ठेवा आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी इतकी कमी करा की पूर्ण उलटं वळायला हात पॅडवर सुमारे एक वीतभर सरकावा लागेल. पॅड म्हणूनच मोठं हवं. हेडफोन ब्लूटूथचा नको: आवाज दीडएकशे मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो, आणि माइक चालू झाला की त्याचा दर्जाही घसरतो. पावलांचा आवाज उशिरा ऐकू आल्यावर १४४ हर्ट्झचा काय उपयोग.

१२. नेट

लॅपटॉपमध्ये लॅनचं भोक आहे का ते घेतानाच बघा. नसेल तर हजाराच्या आसपास यूएसबी-लॅन जोड मिळतो. वायफायवरच खेळायचं तर राउटरच्या त्याच खोलीत आणि ५ गिगाहर्ट्झवर. २.४ वर शेजारच्या सगळ्या फ्लॅटची गर्दी असते.

‘२०० एमबीपीएसचा प्लॅन आहे तरी पिंग जास्त का’ हा प्रश्न हमखास येतो. खेळाला एक एमबीपीएसही पुरतं. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ठरतो अंतरावर आणि वाटेतल्या वळणांवर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निसर्गनियमानंच गेले. त्यामुळे सर्व्हर जवळचा निवडा: व्हॅलोरंटचा मुंबईत आहे, सीएस२ चे मुंबई आणि चेन्नईत.

पिंगपेक्षा त्याची चंचलता घातक. स्थिर ५० वर हात बसतो. २० आणि १२० मध्ये झोके घेणाऱ्या नेटवर नाही. तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी राउटरचा पत्ता सतत पिंग करत ठेवा, दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता. राउटरकडेच आकडे उडत असतील तर दोष घरातल्या वायफायचा. राउटरपर्यंत एक-दोन मिलिसेकंद आणि पुढे गडबड असेल तर तो सेवा देणाऱ्याचा; पाच-दहा मिनिटांची ती नोंद जपून ठेवा, तक्रारीला पुरावा होतो.

आणि वीज गेली तर? लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. रँक सामना मध्येच सुटला की पॉइंट जातात, वर काही वेळ बंदीही येते. राउटरच्या चार्जरवर व्होल्ट किती ते वाचा, बहुतेकांवर १२ लिहिलेले असतात, आणि त्याच व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या. फायबरची वेगळी डबी असेल तर तिलाही त्यातूनच दुसरी वायर द्यावी लागते. राउटर जागा आणि डबी झोपलेली असेल तर वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात, नेट मात्र नसतं.